बुडालेल्या नावेला तिचं नाव द्या

मी चौथीत होतो. देवगडच्या बाजूला आमची वाडी. एका सकाळी वडिलांचं जाळं तळाशी अडकलं. चौघांनी ओढून वर काढलं, तेव्हा मासळी थोडी आणि एक लाकडी सुकाणू हाती लागलं. कालवांनी वेढलेलं, पण त्यावरची लोखंडी पट्टी अजून जागच्या जागी होती. दोन पावसाळ्यांपूर्वी आमच्या वाडीतली एक होडी तीन माणसांसह समुद्रात गेली होती, ती परतली नव्हती. किनाऱ्यावर गर्दी झाली. कोणी म्हणे सुकाणू त्याच होडीचं, कोणी म्हणे विजयदुर्गाकडच्या कुणाचं असेल. वडील वादात पडले नाहीत. सुकाणू खांद्यावर टाकून ते थेट लोहाराकडे गेले, मी त्यांच्या मागोमाग.

लोहाराने पट्टी राखेने घासली आणि भोकांवरून बोट फिरवलं. भोकं चार, खिळे तीन. चौथ्या भोकावर त्याचं बोट थांबलं. म्हणाला, "ही पट्टी माझीच. चौथो खिळो कमी पडललो. उद्या मारतंय म्हणान सांगितलंय, तो रवलो तो रवलोच."

त्या संध्याकाळी तीन घरांतून रडण्याचा आवाज आला. दोन वर्षं त्या घरांना धड रडताही आलं नव्हतं. कुंकू लावावं की पुसावं, हे त्या बायांना ठरवता येत नव्हतं. पुढे भटजींना बोलावून, देह नसताना करतात ते पालाशविधी झाले, तेरावं झालं. माणसं परत आली नाहीत, पण त्यांचं जाणं जागेवर लागलं. 'बेपत्ता' या शब्दात किती वर्षं अडकून राहता येतं, हे मला त्या लोहाराच्या भात्यापाशी पहिल्यांदा कळलं.

मोठा होऊन मी नौदलात गेलो आणि जलसर्वेक्षण शाखेत सर्व्हे रेकॉर्डर झालो. समुद्राचा तळ मोजणं हे माझं काम. सुरुवातीच्या काळात खोली मोजणाऱ्या यंत्रात कागदाची गुंडाळी असायची. सुई ठिणग्या टाकत तळाची रेघ काढायची आणि केबिनभर जळक्या कागदाचा वास सुटायचा. रेघ सरळ चालली असताना मधेच एक उंचवटा आला की आम्ही सगळे कागदावर वाकायचो. खडक असेल, माशांचा थवा असेल, नाहीतर बुडालेलं जहाज. पुन्हा फिरून त्याच जागेवरून जायचं, आडव्या रेषा, उभ्या रेषा, आणि मग नकाशावर खूण करायची.

त्या खुणेविषयी थोडं सांगतो, कारण माझं सगळं म्हणणं तिच्यातच आहे. सागरी नकाशावर धोकादायक बुडीत जहाज दाखवायला ठिपक्यांचं लंबवर्तुळ काढतात, आत एक आडवी रेघ आणि तिच्यावर तीन उभ्या रेघा. शेजारी कधी 'पीए' लिहिलेलं असतं, म्हणजे जागा अंदाजे. कधी 'ईडी', म्हणजे तिथे काही आहे की नाही याचीच शंका. जहाजाचं नाव मात्र क्वचित असतं. नकाशा जाणाऱ्या जहाजांसाठी असतो. तळाशी काय पडलंय यापेक्षा त्याच्यावर पाणी किती, हे त्याला महत्त्वाचं. ते बरोबरच आहे. पण त्या खुणा काढताना मला दर वेळी ते सुकाणू आठवायचं. आपण जागा नोंदवली, खिळे कोणी मोजायचे?

युद्धात बुडालेल्या पाणबुड्यांबाबत हा प्रश्न सगळ्यात बोचतो. साधं जहाज बुडतं तेव्हा कोणीतरी पाहिलेलं असतं, कोणी पोहून वाचतं, निदान बिनतारी संदेश तरी जातो. पाणबुडी लपूनच निघते आणि लपूनच बुडते. ठरलेल्या दिवशी ती बंदरात आली नाही, एवढीच बहुतेक वेळा तिच्या मरणाची नोंद असते. दुसऱ्या महायुद्धात एकट्या अमेरिकेच्या ५२ पाणबुड्या गेल्या. ऑस्ट्रेलियाची एई१ ही पाणबुडी १४ सप्टेंबर १९१४ रोजी ३५ जणांना घेऊन न्यू गिनीजवळ नाहीशी झाली. ती सापडली डिसेंबर २०१७ मध्ये, ३०० मीटर खोलीवर, तेराव्या शोधमोहिमेत. मधली १०३ वर्षं तिच्या माणसांच्या घरी कोणाला काही सांगता आलं नाही.

लोकांना वाटतं की आता यंत्रं आली, सोनार आला, तळावर जे आहे ते दिसतं. दिसतं हे खरं. जहाजामागे दोरावर ओढत नेतात त्या सोनारला आम्ही 'फिश'च म्हणायचो. तो दोन्ही बाजूंना आवाज सोडतो आणि परतलेल्या प्रतिध्वनींतून तळाचं चित्र काढतो. वस्तूपेक्षा तिची सावली जास्त बोलते. फिश तळापासून २० मीटर उंच असेल, सावली १५ मीटर लांब असेल आणि तिचं टोक १०० मीटरवर असेल, तर वस्तूची उंची ३ मीटर. साधं त्रैराशिक आहे. एवढ्यावरून हा खडक नव्हे, लांबट नळकांडं आहे, मधे मनोऱ्यासारखं काहीतरी आहे, इथवर पोहोचता येतं. पण ही पाणबुडी कोणाची, तिच्यात कोण होतं, हे सावली सांगत नाही. नाक गाळात रुतलं असेल, शेपूट तुटून बाजूला पडलं असेल, तर लांबीसुद्धा फसवते. पंख्यावर क्रमांक कोरलेला सापडावा, तर गोदीत एका बोटीचा पंखा दुसरीला बसवलेला असू शकतो.

म्हणून शोधाचं निम्मं काम समुद्रावर होत नाही, ते कागदावर होतं. अमेरिकेची ग्रेबॅक ही पाणबुडी फेब्रुवारी १९४४ मध्ये ओकिनावाजवळ ८० माणसांसह बुडाली. युद्धानंतर जपानी नोंदी भाषांतरित करताना रेखांशातला एक अंक चुकला. एकच अंक! त्यामुळे जागा सुमारे शंभर मैल सरकली आणि सत्तरहून अधिक वर्षं नकाशावरची जागा चुकीचीच राहिली. युताका इवासाकी या जपानी अभ्यासकाने सासेबोच्या नौदल तळाच्या मूळ नोंदी पुन्हा वाचल्या आणि तो अंक पकडला. मग टिम टेलर यांच्या पथकाने २०१९ मध्ये तिथे शोध घेतला आणि सुमारे ४३५ मीटर खोलीवर ती सापडली. कॅमेऱ्यात तिच्या नावाची पट्टी दिसली. ज्या देशाच्या विमानाने तिला बुडवलं, त्याच देशाच्या एका माणसाने जुने कागद नीट वाचून तिला घरच्यांकडे पोहोचवलं. याहून मोठी माणुसकी मला माहीत नाही.

सरकारी कागदही फसवतो. १९९१ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीच्या किनाऱ्यापासून दूर, सुमारे ७० मीटर खोल पाण्यात बुडी मारणाऱ्यांना एक जर्मन पाणबुडी, म्हणजे यू-बोट, सापडली. तीही मच्छीमाराच्या सांगण्यावरून. त्यालाच ठाऊक होतं की तिथे तळाशी काहीतरी आहे. युद्धानंतरच्या कुठल्याही यादीत त्या जागी यू-बोट बुडाल्याची नोंद नव्हती. बुडी मारणाऱ्यांपैकी जॉन चॅटरटन यांना आत एक सुरी मिळाली. लाकडी मुठीवर 'होरेनबुर्ग' असं नाव कोरलेलं. हे नाव यू-८६९ च्या बिनतारी विभागातल्या खलाशाचं होतं. पण अधिकृत इतिहास सांगत होता की यू-८६९ तर १९४५ मध्ये मोरोक्कोजवळ बुडवली गेली. माणसाच्या हाताने कोरलेलं नाव एका बाजूला आणि दोन सरकारांचा कागद दुसऱ्या बाजूला. सहा वर्षं कागद जिंकत राहिला. १९९७ मध्ये सुट्या भागांच्या एका पेटीवरची पट्टी हाती आली आणि तिच्यावर तोच क्रमांक होता. खरी गोष्ट अशी की त्या बोटीला मोहीम बदलण्याचा हुकूम बिनतारीवरून सुटला, पण तो तिला मिळालाच नाही. ती मूळ हुकमाप्रमाणे अमेरिकेकडे गेली आणि ५६ माणसांसह बुडाली. त्या ओळखीपायी तिथे तीन पाणबुडे जिवाला मुकले. त्यामुळे बुडीत बोटीच्या पोटात माणसं पाठवा, असं मी कधीही म्हणणार नाही. आज ते काम कॅमेरा लावलेलं यंत्र करतं.

पण मला सर्वांत जवळची वाटते ती पर्सियस या ब्रिटिश पाणबुडीची हकिकत. ६ डिसेंबर १९४१ च्या रात्री ग्रीसच्या केफालोनिया बेटाजवळ ती सुरुंगावर आदळली. बोटीवर ६१ माणसं होती. त्यांत जॉन केप्स नावाचा एक स्टोकर, म्हणजे इंजिनखान्यातला खलाशी, होता, तिच्या नेहमीच्या खलाशांपैकी नव्हे, अलेक्झांड्रियाला जाण्यासाठी प्रवासी म्हणून चढलेला. स्फोटानंतर अंधारात, चढत्या पाण्यात त्याने जखमी सोबत्यांना श्वासाची उपकरणं चढवली, मागचं झाकण उघडलं, रमचा एक घोट घेतला आणि ५२ मीटर खोलीवरून वर आला. सोबत बाहेर पडलेले किनाऱ्याला लागले नाहीत. केप्स पोहत बेटावर पोहोचला. गावकऱ्यांनी जिवावर उदार होऊन त्याला अठरा महिने लपवलं.

तो मायदेशी परतला, त्याला पदकही मिळालं. पण अनेकांनी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. एवढ्या खोलीवरून कोणी वर येतं का? झाकणं तर बाहेरून बंद केलेली असतात. आणि खलाशांच्या यादीत याचं नावच नाही! यादीत नाव नाही म्हणून माणूस खोटा ठरला. १९८५ मध्ये तो वारला. १९९७ मध्ये ग्रीक पाणबुडे कोस्तास थोक्तारिदिस त्या बोटीपर्यंत पोहोचले. झाकण उघडं होतं. पाणतीराच्या रिकाम्या नळीतलं त्याचं अंथरूण, त्याने वर्णन केलेला मागचा कप्पा, सगळं तसंच. रमची बाटलीसुद्धा तिथेच होती. बारा वर्षं आधी कोणी खाली गेलं असतं तर त्या माणसाला जिवंतपणी खरं ठरता आलं असतं. मी ही हकिकत वाचली तेव्हा दोन दिवस मला दुसरं काही सुचलं नाही.

आता मी आपल्या पाण्याकडे येतो. नोकरीतली काही वर्षं मी विशाखापट्टणमला काढली. त्या बंदरासमोरच्या समुद्रात दोन युद्धांतल्या दोन पाणबुड्या आहेत. एक जपानची आरओ-११०. ११ फेब्रुवारी १९४४ रोजी तिने कोलंबोहून कलकत्त्याला निघालेल्या ताफ्यावर हल्ला केला आणि भारतीय नौदलाचं जमना व ऑस्ट्रेलियाची इप्सविच आणि लॉन्सेस्टन या तीन जहाजांनी तिला बुडवलं. कोणी वाचलं नाही. स्वातंत्र्यानंतर तेच जमना जहाज जलसर्वेक्षणाच्या कामाला लागलं, म्हणजे आमच्याच शाखेचं झालं. ज्या जहाजाने पाण्याखाली फुटणारे डेप्थ चार्ज टाकले, त्याच जहाजाने पुढे तळ मोजला.

दुसरी पाकिस्तानची गाझी. आपल्या विक्रांत या विमानवाहू नौकेच्या मागावर आलेली ही पाणबुडी ३ आणि ४ डिसेंबर १९७१ च्या मधल्या रात्री ९३ माणसांसह बुडाली. आपली बाजू सांगते की राजपूत या विनाशिकेने टाकलेल्या डेप्थ चार्जमुळे ती गेली. पाकिस्तान सांगतं की ती स्वतःच्याच सुरुंगांमुळे किंवा आतल्या स्फोटाने गेली. तिचे पहिले अवशेष नौदलाकडे आणले तेही तिथल्या मच्छीमारांनीच. मग निस्तार जहाजावरचे आपले पाणबुडे खाली उतरले. फेब्रुवारी २०२४ मध्ये बातमी आली की खोल पाण्यात बचावकार्य करणाऱ्या नौदलाच्या नव्या वाहनाने गाझीचे अवशेष पाहिले, आणि मृतांच्या सन्मानासाठी त्यांना हात लावला नाही. हात लावला नाही हे योग्यच झालं. मी त्या गणवेशात आयुष्य काढलं आहे, मला त्याचा अभिमान वाटला.

पण तिथे थांबू नये. आरओ-११० ची लांबी सुमारे ६१ मीटर, गाझीची ९५. दोन्ही एकाच बंदरासमोर. कोणती आकृती कोणाची, कोणत्या खुणांवरून ओळखली, ढाच्याचे पत्रे कुठे आत दबले आहेत आणि कुठे बाहेर उमलले आहेत, हे बाहेरून काढलेल्या छायाचित्रांसह प्रसिद्ध झालं पाहिजे. पत्रा आत गेला की बाहेर आला, यावरून स्फोट कुठल्या बाजूचा हे बरंच कळतं. निकाल कोणाच्याही बाजूने लागो. विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर १९७१ च्या विजयाचं स्मारक उभं आहे, ते एका पत्र्याच्या वळणाने डळमळेल इतका त्या युद्धातला आपला विजय तकलादू नाही. गाझीसंबंधीची नौदलातली जुनी कागदपत्रं नष्ट झाल्याच्या बातम्या २०१० मध्ये आल्या होत्या. कागद गेले असतील तर तळाशी पडलेलं लोखंड हाच उरलेला दस्तऐवज आहे, आणि खारं पाणी तो रोज थोडा थोडा खातं आहे.

आणखी एक दस्तऐवज त्याहून लवकर संपतो आहे. त्या डिसेंबरात पाण्यात उतरलेले पाणबुडे आता म्हातारे झाले आहेत. अवशेष उचलून आणणारे मच्छीमार, त्या रात्री पहाऱ्यावर असलेले खलाशी, सगळ्यांचं तेच. त्यांना एकेकाला बसवून, त्यांच्याच भाषेत, तेलुगूत, मराठीत, पंजाबीत जे आठवतं ते लिहून घ्यायला किती खर्च येतो? केप्सच्या बाबतीत बारा वर्षांचा उशीर झाला. आपण जाणूनबुजून तोच उशीर करू नये.

मला विचारतात, शत्रूच्या बोटीसाठी एवढं कशाला? मी त्यांना खुकरीची आठवण करून देतो. ९ डिसेंबर १९७१ रोजी दीवजवळ आपली ही युद्धनौका पाकिस्तानच्या पाणबुडीने बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक घेऊन ती गेली, ही संख्या नौदलातल्या प्रत्येकाला पाठ असते. त्यांच्या घरच्यांना जे वाटतं तेच कराचीतल्या आणि जपानातल्या घरांना वाटतं. समुद्राखाली गेलेल्या माणसाच्या आईला देश नसतो.

दुसरी शंका जास्त खरी आहे: जागा जाहीर केली तर लुटारू येतील. येतात. जावाच्या समुद्रात अमेरिकेची पर्च ही पाणबुडी २००६ मध्ये सापडली होती; २०१६ मध्ये पुन्हा पाहायला गेले तर तळावर काही उरलंच नव्हतं. भंगारवाल्यांनी अख्खी उचलून नेली होती. मलेशियाजवळ डच पाणबुड्यांचंही तेच झालं, त्यांत तर माणसं होती. म्हणून माझं म्हणणं नीट ऐका. अक्षांश-रेखांश जाहीर करू नका, नाव जाहीर करा. त्या जागेभोवती कायद्याने संरक्षित क्षेत्र करा, तिथे जाळं ओढायला आणि बुडी मारायला बंदी घाला, गस्त ठेवा. निनावी लोखंडाला कोणी वाली नसतो, ते भंगारच ठरतं. नाव लागलं की ती कबर होते. पाण्याखालच्या वारशाच्या रक्षणासाठी युनेस्कोने २००१ मध्ये केलेला करार भारताने अजून स्वीकारलेला नाही. तो स्वीकारावा, आणि तोपर्यंत आपला स्वतःचा नियम करायला आपल्याला कोणी अडवलेलं नाही.

ऑस्ट्रेलियाने ते करून दाखवलं. १९४२ मध्ये जपानच्या छोट्या पाणबुड्या सिडनी बंदरात घुसल्या. त्यांतल्या एम-२४ ने सोडलेल्या पाणतीराने २१ नौसैनिक मारले आणि मग दोन माणसांची ती पाणबुडी नाहीशी झाली. २००६ मध्ये हौशी पाणबुड्यांना ती सिडनीच्या उत्तरेला सापडली. सरकारने तिला संरक्षण दिलं, ती उघडली नाही, उचलली नाही. पुढच्या वर्षी त्या दोघांच्या नातेवाइकांना जपानहून बोलावलं, समुद्रावर सोहळा केला आणि बोटीभोवतीच्या तळाची वाळू त्यांच्या हाती दिली. ज्यांनी आपली एकवीस माणसं मारली, त्यांच्या घरच्यांना. ऑस्ट्रेलिया त्यामुळे लहान झाला नाही.

आमच्या नौदलाकडे यंत्र आहे, माणसं आहेत, जागा माहीत आहे. आता अहवाल लिहावा, दोन्ही बोटींवर गेलेल्यांची यादी सन्मानाने छापावी आणि टोकियोला एक पत्र, इस्लामाबादला एक पत्र पाठवावं: तुमची माणसं इथे आहेत, आम्ही त्यांची जागा राखली आहे. त्या पत्रासोबत वाळूची एक पुडी गेली तर आणखी चांगलं.

त्या लोहाराने पैसे घेतले नाहीत, हे सांगायचं राहिलं. वडील सुकाणू घेऊन निघाले तेव्हा त्याने त्यांना थांबवलं, भात्याजवळच्या डब्यातून एक खिळा काढला आणि चौथ्या भोकात ठोकला. मग सुकाणू त्या होडीवाल्याच्या घरी गेलं.